केरबाचा उजवा पाय

सन दोन हजार बावीस. मला अडुसष्टावं वरीस चालू होतं. त्या वयात मी एका सकाळी केरबा पायाळूच्या उंबऱ्यापुढं तरटावर पालथा पडलो, नाक जमिनीला लावलं, अन् त्याच्या लाथेची वाट बघत राहिलो. मी जन्मात कुणापुढं असा पडलो नव्हतो. देवापुढंसुद्धा मी उभ्यानंच हात जोडतो. केरबानं त्याचा उजवा पाय धुतला, पुसला, माझ्या कमरेवर अधांतरी धरला, अन् तसाच मागं घेतला.

"पाय न्हाय म्हणतो," तो म्हणला.

आता हा केरबा कोण, अन् त्याचा पाय बोलतो कसा, हे आधी सांगायला पाहिजे. नाहीतर वाचणारा म्हणंल म्हातारं भरकटलं.

आमचं गाव तेर. केरबाच्या अन् माझ्या अंगणात मधी एकच भिंत, छातीइतकी. हा केरबा आईच्या पोटातून डोक्याकडून यायच्या ऐवजी पायाकडून बाहेर आला. अशा माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, तर पायाळूनं पाय लावला की उतरती, असं सगळी मानतात. तेरचीच नाही, लांबलांबची माणसं यायची. कळंबच्या बाजारात पोती वाहणारे तर ठरलेले.

त्या पायाची केरबानं जी बडदास्त ठेवली होती, तशी मी माझ्या खिलारी बैलजोडीचीसुद्धा ठेवली नाही. डाव्या पायात नुसती चप्पल. उजव्या पायात आधी मोजा, मग चप्पल. उन्हाळ्यातसुद्धा. मोज्यांच्या एका जोडीत त्याचं दोन वर्षं भागायचं. उजवा पाय धुवायला तांब्याचा वेगळा तांब्या, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चिखल आला, शेण आलं, की डावा पाय पुढं. मोटरसायकलवर मागं बसला तर सायलेन्सरचा चटका लागू नये म्हणून उजव्या पायाला टॉवेल गुंडाळायचा, अन् उतरताना टॉवेलसकट उतरायचा. पंगतीत बसला की उजव्या पायाखाली उपरणं. एकदा त्याला पिसाळल्यासारखं एक कुत्रं चावलं, डाव्या पायाला. सगळी गल्ली हळहळली. हा म्हणतो, "शाणं व्हतं बिचारं. बघून चावलं."

अन् काहीही विचारा, त्याचं एकच. "पायाला इचारावं लागंल." लग्नाला येतोस का? पायाला इचारावं लागंल. हरभरा कधी पेरायचा? पायाला इचारतो. निवडणुकीत एका पार्टीची पोरं आली, म्हणली मामा, मत कुणाला? हा म्हणला, पायाला इचारतो. त्यातलं एक पोरगं हुशार होतं. ते म्हणलं, "मामा, बटण तर बोटानं दाबायचं असतंय." केरबा म्हणला, "बटणापतुर घिऊन कोण जातंय?"

त्याच्यापुढं लाथ म्हणायची सोय नव्हती. "लाथ गाढव मारतं. म्या पाय लावतो."

त्याचे नियम होते, त्याच्या आईनं घालून दिलेले. सकाळी यायचं, दूधवाले कॅन घेऊन डेअरीला जातात त्या वेळंला. उपाशीपोटी. तोंड उगवतीकडं करून पालथं पडायचं. सात वेळा पाय. मधी बोलायचं नाही. द्यायचं काही नाही, त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. अन् झालं की उठून मागं वळून न बघता सरळ घरी जायचं. वळून बघितलं की उसण परत येती. ह्या नियमांत केरबानं कधी सूट दिली नाही. मुरूमला दिलेली त्याची लेक दिवाळीला आली अन् तिची कंबर धरली, तर तिलासुद्धा पाय लावून न बोलता वाटंला लावली. पोरगी माझ्या घरी येऊन चहा पिली, अन् मग मागच्या दारानं बापाच्या घरात गेली.

पायाळूच्या अजून दोन गोष्टी आमच्याकडं सांगतात. एक, त्याच्याकडं वीज ओढ घेती. त्यामुळं आभाळ गडगडलं की रानात कुणी केरबाला जवळ उभं राहू द्यायचं नाही. "केरबा, घरी जा बाबा, आमाला लेकरंबाळं हायती." हा खुशाल विळा टाकून निघायचा. अर्धा पाऊसकाळ त्यानं असा घरी बसून काढला. दुसरी गोष्ट, पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. आमचं तेर जुनं गाव. नांगर जरा खोल गेला की खापऱ्या निघतात, मणी निघतात. एका शेतकऱ्यानं केरबाला आपल्या रानात नेलं, म्हणला दाखव. केरबा तासभर हिंडला, एका जागी उजवा पाय आपटला, म्हणला, हितं. तीन माणसांनी दिवसभर खांदलं. निघालं काय, तर एका रांजणाचा काठ. शेतकरी चिडला. केरबा म्हणला, "ज्याचा रांजण व्हता त्याला त्येच धन व्हतं की." तो काठाचा तुकडा त्यानं घरी आणला अन् मिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवला.

बायको कौसाबाई जाऊन त्याला बारा-पंधरा वर्षं झाली होती. घरात हा, अन् हा पाय.

मी साहेबराव. बापानं नाव साहेबराव ठेवलं, तिसरीतून शाळेतून काढलं, अन् बैलामागं लावलं. माझा ह्या पायावर कधी विश्वास नव्हता. मी पारावर सगळ्यांदेखत म्हणायचो, "पाय लावून कंबर बरी होती तर सरकारनं दवाखान्यात डॉक्टर कशाला ठेवले आसते? बैल ठेवले आसते." माणसं हसायची. केरबा मोजा वर ओढून म्हणायचा, "साहेबराव, तुजीबी कंबर येक दिस यिऊन पडंल माज्या दारात."

मला त्या बोलण्याचा लई राग होता. अन् ते खरं करायला मीच पोतं उचललं.

सोयाबीनचं पोतं होतं. माझा पोरगा बालाजी म्हणत होता, दादा, राहू द्या, गडी येतोय. राहू द्या म्हणलं की मला राहवत नाही. पोतं ट्रॅक्टरात गेलं, पण माझ्या जांघेत गोटीएवढं काहीतरी बाहेर आलं. अंतरगळ. धाराशिवच्या एका दवाखान्यात आपरेशन ठरलं.

मला वाटलं झोपवून करतील. तर एक डॉक्टरीणबाई आली, माझ्या नातीएवढी, म्हणली, "आजोबा, तुम्हाला झोपवणार नाही. पाठीत एक बारीक इंजेक्शन देणार, कमरेपासून खाली कळणार नाही. बसा, मान खाली घाला, मांजरासारखी पाठ करा." मी म्हणलो, मी आजवर कुणापुढं मान खाली घातली नाही. ती म्हणली, "मग आज पाच मिनिटं घाला." घातली. सुई मुंगी चावल्यागत. पण थोड्या वेळानं बघतो तर माझे पाय नाहीत. म्हणजे होते, समोर दिसत होते, पण कुणीतरी आपले पाय तिथं विसरून गेल्यागत पडले होते. मी अंगठा हलव म्हणलो, तर त्यानं ऐकलं नाही. माझं न ऐकणारं माझ्या घरात तोवर कुणी नव्हतं.

आपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना बाईनं सांगितलं, जड उचलू नका, पण हिंडत-फिरत राहा, कंबर थोडे दिवस दुखंल अन् जाईल. मी हिंडलो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कंबर धरून वाकून चाललो होतो, तर कोपऱ्यावरची एक म्हातारी म्हणली, "साहेबराव, काय हारवलं का खाली?"

मी घरी आलो अन् बाजंवर पडलो. वाकून चालताना गावानं बघायचं नाही. सरळ चालता येईल त्या दिवशीच बाहेर निघायचं, असं मी ठरवलं. अन् मी ठरवलेलं मोडत नसतो.

मग बघायला येणारी सुरू झाली. जो येईल तो तेच. "मणक्यातली सुई. ती सोडत न्हाय." एकीच्या जावेची कंबर सुईपासून वीस वर्षं दुखत होती, एकीच्या बहिणीला ओणवं होता येत नव्हतं. प्रत्येक माणूस उठून गेलं की माझी कंबर एक बोट जास्त दुखायची. बायकोनं, सोजरनं, गरम विटकर फडक्यात गुंडाळून दिली, तेल चोळलं. मी बाजंवरून हललो नाही. दीड महिना झाला. आता मला कुशीवर वळायलासुद्धा बाजंची दोरी धरावी लागायची. मनात एकच बसलं, आपण आता उभं राहत नसतो. तिरडीवरच सरळ होणार.

सोजर म्हणली, "अवो, शेजारी माणूस हाय. सारा मुलूख येतो त्याच्याकडं. तुमाला पंधरा पावलं जायाला काय झालं?"

"त्याच्यापुढं पालथा पडू?"

"हितंबी पडूनच हायसा की."

दुसऱ्या दिवशी सोजरचा खांदा धरून, वाकून, पंधरा पावलं गेलो. अगोदरच तीन माणसं उंबऱ्यापुढं नंबर लावून बसली होती. त्यांनी मला जागा दिली. मला वाटलं होतं केरबा हसंल, बैलाची आठवण काढंल. त्यानं नुसतं तरट झटकून पुन्हा हातरलं. मग पाय धुता धुता सोजरला विचारलं, "वैनी, आपरेशनला भूल कुठून दिली व्हती?"

"पाठीतून, भावजी."

पुढचं मी वर सांगितलं. पाय कमरेवर आला, थांबला, अन् मागं गेला.

"पाय न्हाय म्हणतो. साहेबराव, तू दवाखान्यात जा. ज्या बाईनं सुई दिली तिच्याकडंच जा."

मी तसाच पालथा पडून होतो. माझ्या तोंडात माती गेली होती. "पाय न्हाय म्हणतो का तू न्हाय म्हणतोस?"

"येकच हाय."

"मग सरळ सांग की गुण गेला म्हणून. म्हातारा झाला तुजा पाय. बाकीच्यांचे दिस कशाला वाया घालवूलालास?"

ती तीन माणसं ऐकत होती. केरबानं आपल्या पायाकडं बघितलं. मला वाटलं आता भांडंल, अन् भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणला, "आसंल. गेला आसंल."

मी घरी आलो अन् बाजंवर पडल्या पडल्या एकच काम केलं. जो बघायला येईल त्याला सांगितलं, केरबाचा गुण गेला, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, साक्षीला तीन माणसं आहेत. मला बघायला येणारी लई. पंधरा दिवसांत केरबाचा उंबरा मोकळा झाला. माझ्या खिडकीतून दिसायचा. तो रोज त्याच वेळंला तांब्या भरून घ्यायचा, पाय धुवायचा, तरट हातरायचा, अन् बसायचा. दूधवाले कॅन घेऊन समोरून जायचे. एखादा हात करायचा. ऊन तरटावर आलं की हा तरट झटकून आत न्यायचा. कुणी पडलेलं नसायचं, तरी झटकायचा.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं नाही. कारण तेवढ्यात केरबानं माझा छळ सुरू केला.

एक दिवस तो सकाळीच एसटीनं कुठंतरी गेला, दुपार टळल्यावर आला, अन् तेव्हापासून भिंतीच्या पलीकडून ओरडायला लागला. माझ्याशी बोलायचा नाही. स्वतःच्या अंगणात येरझारा घालायचा अन् आभाळाकडं बघून बोलायचा. "चालावं माणसानं. पडून ऱ्हायलं की आंग आखडतं." मी उशी कानावर घ्यायचो. मग आवाज वाढवायचा. "पायाला मुंग्या येत्यात का? पाय बधिर पडतो का?" मी उत्तर द्यायचो नाही. "ताप येतो का आंगात?" त्यालासुद्धा उत्तर नाही. मग एक दिवस, पाण्याला निघालेल्या बाया गल्लीतनं चाललेल्या असताना, भिंतीवरून अर्धा वर येऊन, "लघवी नीट व्हती का?"

बाया पदर तोंडाला लावून पळाल्या. मी आतून ओरडलो, "तुज्या बापाला इचार."

"व्हती का न्हाय तेवढं सांग."

"व्हती."

"बरं," म्हणला, अन् भिंतीआड गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळंला परत, "लघवी नीट व्हती का?" असं रोज. गल्लीतली पोरं मला बघून तेच विचारायला लागली. निरगुडीचा पालासुद्धा रोज भिंतीवर ठेवलेला असायचा, शेकायला. मी तो शेळीपुढं टाकला. शेळीनं तोंड लावलं नाही. सोजरनं उचलून पाण्यात उकळला.

ह्या छळातून सुटायचं तर बरं व्हायला पाहिजे, अन् बरं व्हायचं तर ज्या बाईनं सुई चुकवली तिच्याशी भांडायला पाहिजे, असा मी विचार केला. बालाजीला म्हणलो, चल धाराशिवला. एसटीत बसलो. तेर ते धाराशिव मी प्रत्येक खड्ड्याला त्या बाईच्या नावानं बोटं मोडली.

बाईनं माझं भांडण सगळं ऐकून घेतलं. मग मला टेबलावर घेतलं, मणक्यावरनं बोट फिरवलं, पाय वर उचलायला लावले, तळव्याला टोचून बघितलं, गुडघ्यावर हातोडी मारली. "आजोबा, सुईची जागा दुखत नाहीच. तुम्हाला दुखतंय ते बाजूचे स्नायू. सुईचं दुखणं आठ-दहा दिवसांत जातं. तुम्ही किती दिवस पडून होता?"

"दोन महिने."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी भिंतीकडं बघितलं.

"चाला. आधी घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर. शेका. मी दाखवते तो व्यायाम करा. गोळी दुखलं तरच. पायातली ताकद गेली, ताप आला, लघवी अडली, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, यायचं." मग बालाजीकडं वळून म्हणली, "हे सगळं मी यांच्या थोरल्या भावाला सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नाही का?"

बालाजी म्हणला, "दादाला भाऊ न्हाय मॅडम."

"अहो, एकाच पायात मोजा घातलेले. सकाळपासून बसून होते इथं, मी आपरेशन करून बाहेर येईपर्यंत. मला विचारलं, सुई दिलेल्या पाठीला पाय लावला तर काय होईल. मी म्हणलं, हलका हात लावावा तसा लावला तर काही होत नाही, पण त्या नादात दवाखान्याला उशीर व्हायला नको. तर म्हणले, उशीर म्हणजे किती? कशावरून ओळखायचं? मी एकेक खूण सांगितली. त्यांनी माझ्यापुढं चार वेळा पाठ म्हणून दाखवली. मुंग्या, ताप, लघवी."

परतीच्या एसटीत मला एक खड्डा आठवत नाही.

त्या दिवसापासून मी चालायला लागलो. आधी ओसरीत, मग अंगणात. वाकूनच. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं विचारलं, काय हारवलं का, तर मी म्हणलो, व्हय, सापडलं की सांगतो. मी अंगणात पावलं टाकायला लागलो की भिंतीपलीकडं केरबाची पावलं सुरू व्हायची. माझी थांबली की पलीकडून, "दमला का काय माणूस?" मी परत चालायचो. एकमेकांशी आम्ही बोललो नाही. माझी चूक मला कळली होती, पण कळणं अन् तोंडानं म्हणणं यात माझ्या बाबतीत लई अंतर असतं. महिना-सव्वा महिन्यात कंबर मोकळी झाली. मी सरळ चालत नदीपर्यंत जाऊन आलो, अन् येताना मुद्दाम पारावरनं आलो.

केरबाचा उंबरा तेवढा मोकळाच होता. मी उडवलेली खबर मला परत गोळा करता येत नव्हती.

एक दिवस, दिवस मावळायच्या टायमाला, सोजर ज्वारी पाखडत होती. मी म्हणलो, "कसला माणूस हाय. भाऊ म्हणून दवाखान्यात जातो, अन् मला तोंडावर सांगत न्हाय. गुण गेला म्हणलो तर आसंल म्हणतो. पाय लावला आसता हलका, तर त्याचंबी नाव ऱ्हायलं आसतं."

सोजरनं सूप खाली ठेवलं. "तुमाला म्हायती न्हाय व्हय?"

"काय?"

"कौसाचं. पिशवीचं आपरेशन झालं व्हतं तिचं. पाठीतनंच सुई दिली व्हती. मागनं कंबर दुखाया लागली. सगळी म्हणली, सुईचं हाय. केरबाभावजी म्हणले, घरात पाय आसताना दवाखाना कशाला. रोज सकाळी तिला त्या तरटावर घ्यायचे. सहा महिने. ताप यायचा तिला, ती सांगायची न्हाय. येक दिस तिचा पायच उचलंना. मग सोलापूरला न्हेली. मणक्यात दुसरंच दुखणं व्हतं. डाक्टर म्हणले, सुईचा कायबी संबंध न्हाय, पायाचाबी न्हाय. आधी आणायला पायजे व्हती, म्हणले." तिनं सूप उचललं अन् परत ठेवलं. "तवापसनं सुई दिलेल्या पाठीला त्यो माणूस पाय लावत न्हाय. बाया आल्या तर मला हाक मारतो, म्हणतो वैनी, हिला दवाखान्यात घिऊन जावा. गल्लीतल्या साऱ्या बायांना म्हायतीय."

"मग मला कुणी सांगितलं न्हाय ते?"

"तुमी बैलाचं बोलायचा पारावर. त्या तोंडाफुडं कौसाचं नाव कुणी काढावं?"

मी उठून अंगणात गेलो. भिंतीपलीकडं केरबा चुलीला जळण घालत होता. एकट्या माणसाच्या चुलीचा धूरसुद्धा बारीक असतो. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो, अन् परत आलो. चाळीस वर्षं त्याच्या दारात माणसं आली, ती सगळी तोंड खाली करून पडली, अन् उठून मागं न बघता गेली. पाय लावून झाल्यावर त्याच्याशी बोलत त्या दारात बसलेलं माणूस मी एक बघितलं नव्हतं.

सकाळी मी तोंड धुतलं, काही खाल्लं नाही, अन् खिडकीपाशी उभा राहिलो. डेअरीचे लोक गल्लीच्या टोकाला दिसंपर्यंत थांबलो. मग धुतलेलं धोतर नेसलो, पटका बांधला, सरळ चालत केरबाच्या दारापुढं गेलो, अन् त्यानं हातरलेल्या तरटावर तोंड उगवतीकडं करून पालथा पडलो. दूधवाले थांबले. कॅन खाली ठेवल्याचा आवाज मला आला.

केरबा म्हणला, "दुखतंय का?"

"न्हाय."

"मग का पडलास?"

"पाय लाव."

"साहेबराव, त्या पाठीला सुई..."

"बाईनं तुला काय सांगितलंय ते मला म्हायती हाय. दवाखान्यात जाऊन आलोय. मुंग्या न्हायत, ताप न्हाय, लघवी नीट व्हती. आता लाव."

मला त्याच्या डाव्या पायाचा अंगठा तेवढा दिसत होता. "पायाला इचारावं लागंल," तो हळूच म्हणला.

"इचार. म्या हाय हितंच."

तांब्यातलं पाणी पडल्याचं ऐकू आलं. मग पाय आला. कमरेला नाही, सुईच्या जागेपासून लांब, वर, दोन खांद्यांच्या मधी. ओला अन् गार. लेकराच्या पाठीवर हात ठेवावा एवढंच वजन. सात वेळा. सातव्यांदा त्यानं तो उचलायला उशीर केला.

मी उठलो. मातीनं भरलेली बंडी झटकली. समोर चारपाच माणसं कॅन घेऊन बघत होती. त्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "उतरली."

नियमाप्रमाणं मी आता मागं न बघता घरी जायला पाहिजे होतं. मी वळलो, त्याच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलो, अन् म्हणलो, "केरबा, च्या ठेव. साखर जरा जास्त टाक."